खाडीपलीकडचं राज्य

वेसवीहून फेरीबोटीत बसलं की सावित्रीची खाडी ओलांडून बागमांडल्याला उतरता येतं. आज हा रत्नागिरीतून रायगड जिल्ह्यात जाण्याचा प्रवास आहे. १९४८पर्यंत मात्र पलीकडे वेगळं राज्य होतं, जंजिरा संस्थान.

‘जझीरा’ म्हणजे अरबीत बेट. राजपुरीच्या खाडीतल्या या बेटावरून सिद्दींनी मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन आणि थेट काठेवाडातल्या जाफराबादपर्यंत कारभार केला. ‘जंजिरा कुणाला जिंकता आला नाही’ हे वाक्य मी लहानपणी छाती फुगवून सांगायचो. समोरचा सांगायचा, ‘सिद्दी म्हणजे स्वराज्याचा वैरी.’ आम्हा दोघांनाही तटबंदीच दिसत होती. आतलं राज्य चालायचं कसं, हे दोघांनीही विचारलं नाही.

सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्यातले कित्येकजण गुलाम म्हणून इकडे आणले गेले आणि कर्तबगारीवर सरदार झाले. इथली गादीही बराच काळ बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. सरदार आपल्यातल्याच लायक माणसाला पुढे करत. निजामशाही, आदिलशाही, मग मुघल असे त्यांचे धनी बदलत गेले. म्हणजे निष्ठा धर्मापेक्षा राजकारणाने ठरत होती.

गावचा वसूल स्थानिक वतनदार पाहत. श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती. त्याच घराण्यातले बाळाजी विश्वनाथ सिद्दींशी बिनसल्यावर घाटावर गेले आणि १७१३मध्ये पेशवे झाले. पुढे १७३६मध्ये त्यांचेच पुत्र चिमाजी अप्पा यांच्याशी लढताना सिद्दी सात मारला गेला.

पण हे राज्य नुसतं मिरवण्यासारखंही नव्हतं. न्यायदानाचा, विशेषतः फौजदारी कारभाराचा इतका बोजवारा उडाला की १८६८च्या सुमारास इंग्रजांनी तो नवाबाकडून काढून पोलिटिकल एजंटाकडे दिला. इंग्रजांचा स्वार्थ त्यात होताच, पण त्यांना निमित्त दरबारानेच दिलं.

शेवटी १९४८च्या जानेवारीत मोहन धारिया, नानासाहेब पुरोहित यांच्यासारखे कार्यकर्ते उठले. त्याच वर्षी संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्याचा भाग झालं. ज्या किल्ल्यापुढे तोफा थकल्या, तिथली सत्ता अखेर प्रजेच्या हाती आली.

आता कुणी ‘जंजिरा तुमचा ना?’ असं विचारलं, तर मी म्हणतो, ‘हो, आणि तुमचाही.’ तिथला पराक्रम आपल्या सगळ्यांचा आहे. मग तिथला अन्यायही आपल्याच इतिहासात मांडायला हवा.