गरोदरपणातील रक्तगोठण

निरोगी गरोदर स्त्रीचे रक्त एरवीपेक्षा लवकर गोठते आणि झालेली गुठळी सावकाश विरघळते. हा आजार नव्हे; बाळंतपणातील रक्तस्रावाला तोंड देण्याची ती शरीराची पूर्वतयारी आहे. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिली रक्त जात असते. बाळामागोमाग वार सुटली की तिच्या जागेवरच्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. गर्भाशयाचे स्नायू आवळून त्या वाहिन्या आधी दाबून धरतात, मग गुठळ्या त्यांची तोंडे बुजवतात.

गुठळीचे जाळे ज्या प्रथिनापासून विणले जाते ते फायब्रिनोजेन एरवी डेसिलिटरमागे २०० ते ४०० मिग्रॅ असते. शेवटच्या तिमाहीत ते ४०० ते ६०० पर्यंत चढते. सातवा, आठवा व दहावा गोठणघटक आणि फॉन विलेब्रांड घटकही वाढतात. गोठण आवरणाऱ्या प्रथिनांपैकी मुक्त प्रोटीन एस निम्म्याच्या आसपास उतरते, प्रोटीन सी मात्र फारसे बदलत नाही. गुठळी विरघळवण्याच्या क्रियेला रोखणारे पीएआय-१ वाढते आणि पीएआय-२ वारेतून रक्तात येते. प्लेटलेटची संख्या थोडी घटते. शंभरातील पाच ते दहा जणींत ती दीड लाखाखाली जाते आणि बहुधा त्यातून काही अपाय होत नाही.

यामुळे तपासणीच्या कागदावर छापलेली नेहमीची मर्यादा गरोदर स्त्रीला लावली की फसगत होते. रक्तस्राव सुरू असलेल्या बाळंतिणीचे फायब्रिनोजेन २०० आले, तर कागद ते ‘नॉर्मल’ म्हणेल. प्रत्यक्षात तिचा साठा निम्म्याहून अधिक संपलेला असू शकतो आणि तो गंभीर रक्तस्रावाचा इशारा असतो. गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या डी-डायमरचे उलट. मिलिलिटरमागे ५०० नॅनोग्रॅमची नेहमीची मर्यादा शेवटच्या महिन्यांत बहुतेक निरोगी स्त्रिया ओलांडतात, म्हणून केवळ त्या आकड्यावरून गुठळीचे निदान करू नये. प्रोटीन एसची आनुवंशिक कमतरताही या काळात ठरवू नये. ती तपासणी बाळंतपणानंतर पुरेसा काळ गेल्यावरच करावी.

या तयारीची किंमतही आहे. शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका त्याच वयाच्या गरोदर नसलेल्या स्त्रीच्या चार ते पाच पट होतो. वाढलेल्या गर्भाशयाच्या दाबामुळे पायांतील रक्त संथ वाहते. डाव्या बाजूच्या श्रोणिशिरेवरून उजवी रोहिणी जात असल्याने ती अधिक दाबली जाते. गरोदरपणातील बहुसंख्य गुठळ्या डाव्या पायात आढळतात त्या यामुळेच. एकच पाय सुजून दुखू लागणे किंवा अचानक धाप लागणे हे गरोदरपणाचे नेहमीचे त्रास समजून घरी अंगावर काढू नये. उपचारासाठी हेपारिन वापरतात, कारण ते वार ओलांडून गर्भापर्यंत जात नाही. वॉरफरिन जाते आणि गर्भाला इजा करू शकते.

दिवसांच्या हिशेबाने पाहता सर्वांत जोखमीचा काळ बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हा आहे. गोठणघटक पूर्ववत होण्यास साधारण सहा आठवडे लागतात. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची रीत याच काळात येते. विश्रांती हवीच, पण सतत पडून राहणे नको. अडचण नसेल तर प्रसूतीनंतर लवकर उठून चालायला लागावे आणि पाणी भरपूर प्यावे.