शब्दवेध : मॅजिस्ट्रेट

शाळेतले मास्तर आणि कोर्टातले मॅजिस्ट्रेट एकाच कुळातले. मूळ लॅटिन ‘मॅजिस्टर’, म्हणजे धनी, वरिष्ठ. त्याच्या मुळाशी ‘मॅजिस’, म्हणजे अधिक. इंग्लंडच्या काउंट्यांत हे ‘अधिक’पण शब्दशः खरे होते. बहुतेक जमीनदार असलेले बिनपगारी मॅजिस्ट्रेट दर तिमाहीला बैठक भरवून खटले तर चालवतच, शिवाय पूल, तुरुंग आणि काउंटीचा करही पाहत. एकोणिसाव्या शतकात ही सत्ता ओसरली. १८७७च्या कायद्याने तुरुंग सरकारकडे गेले; १८८८च्या कायद्याने बराचसा कारभार निवडून आलेल्या काउंटी कौन्सिलांकडे. मॅजिस्ट्रेटांपाशी मुख्यतः न्यायदान उरले. आणि ‘मिनिस्टर’? त्याचे मूळ ‘मिनस’, म्हणजे उणे. शब्दाच्या हिशेबात मंत्री हा सेवकच!