भुशाची गादी, टोकियोची उडी

सर्वेश कुशारे म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावच्या शेतकऱ्याचा पोरगा. शाळेत उंच उडीसाठी गादी नव्हती. क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव सरांनी मक्याचा भुसा न् कापूस भरून गादी तयार केली. पोरगा तिच्यावर पडून पडून शिकला, पुढे फौजेत गेला.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २.१५ मीटरवरच अडला, पात्रता फेरीतच बाहेर. पण सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय ठरला. तिथं २.२८ मीटर उडी मारून सहावा आला.

उड्या आपल्या कन्हानचे पोट्टेही मारतात. वाढदिवसाच्या बॅनरऐवजी त्यांच्यासाठी चार पोती भुसा कोण आणते, सांगा!