‘चाळीस पर्सेंटाइलवाला डॉक्टर’

हा टोमणा आपल्या पोरांना वसतिगृहापासून वॉर्डापर्यंत ऐकावा लागतो. मारणाऱ्याला बहुतेक वेळा ते चाळीस टक्के गुण वाटतात. म्हणून आधी या शब्दाचा जन्म पाहू.

१८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टनने मोजणीची प्रयोगशाळा थाटली. तीन पेन्स भरा. उंची, वजन, मुठीची ताकद, नजर मोजून घ्या. नऊ हजारांवर माणसे मोजली गेली. हे आकडे त्याने चढत्या क्रमाने रांगेत लावले, रांगेचे शंभर भाग कल्पिले आणि १८८५ मध्ये ‘पर्सेंटाइल’ हा शब्द वापरला. याच गाल्टनने १८६९ च्या पुस्तकात आफ्रिकी लोकांना इंग्रजांच्या दोन पायऱ्या खाली बसवले होते. ‘युजेनिक्स’ हा शब्दही त्याचाच, १८८३ चा. वंशशुद्धीचे हेच शास्त्र जातीच्या समर्थनाला वापरणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’मध्ये घेतला.

पण हत्यार कोणी घडवले म्हणून आम्ही ते फेकून देणार नाही. उलट वस्तीतल्या मुलांना ते शिकवतो. २०० जण परीक्षेला बसले. तुमच्याइतके किंवा कमी गुण १७० जणांना पडले. १७० भागिले २००, गुणिले १००, म्हणजे ८५ पर्सेंटाइल. तुमचे गुण ३०० असोत की ६००, रांगेतली जागा तीच. लाखोंचा क्लास लावून कोण आला आणि उसाच्या फडातून कोण आला, हे रांग सांगत नाही.

आता २०२३ ची नीट घ्या. खुल्या प्रवर्गाची पात्रता ५० पर्सेंटाइल, म्हणजे ७२० पैकी १३७ गुण. जेमतेम १९ टक्के! आपली ४० पर्सेंटाइल, म्हणजे १०७. फरक तीस गुणांचा. आणि हा नुसता उंबरठा आहे. सरकारी कॉलेजात जागा मिळवायला अनुसूचित जातीच्या मुलालाही याच्या कितीतरी पट गुण लागतात.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पदव्युत्तर नीटची पात्रता सर्वच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइल झाली. शून्य! रांगेतला शेवटचा उमेदवारही पात्र. जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून हे केले गेले, आणि खासगी कॉलेजांतल्या त्या जागांची फी कोणाला परवडते हे आपण जाणतो. ‘शून्य पर्सेंटाइलवाला डॉक्टर’ हा टोमणा मात्र आम्ही अजून एकाही वॉर्डात ऐकलेला नाही.