खड्याची कावीळ औषधाने उतरत नाही

पावसाळा सुरू झाला की अंधेरी, घाटकोपर, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या दवाखान्यांत काविळीचे रुग्ण वाढू लागतात. दूषित पाण्यातून होणारी ही विषाणुजन्य कावीळ बहुतांश रुग्णांत विश्रांती व आहाराने काही आठवड्यांत ओसरते. झाडपाल्याचे औषध देणाऱ्यांच्या पदरी श्रेय पडते ते त्यामुळेच. पित्तनलिकेत खडा अडकून होणारी कावीळ मात्र या जातीची नव्हे. येथे पित्ताची वाटच बंद झालेली असते आणि ती मोकळी करणे हाच उपचार होय. डोळे दोन्हींत सारखेच पिवळे दिसतात, त्यामुळे फसगत होते.

यकृतात दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. त्यातील काही भाग यकृताखालच्या पित्ताशय नावाच्या पिशवीत साठून दाट होतो. या पिशवीत जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावते. स्निग्ध पदार्थ पोटात गेले की ती आकुंचन पावते व पित्त लहान आतड्यात उतरते. पित्तातील कोलेस्टेरॉलसारख्या घटकांचे प्रमाण बिघडले की खडे बनतात. आपण ज्याला 'पित्त झाले' म्हणतो ते जठरातील आम्ल. त्याचा या पित्ताशी संबंध नाही. तरीही तळलेले खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली उठणारी, पाठीत वा खांद्याकडे जाणारी कळ आम्लपित्त समजून महिनोन्महिने गोळ्यांवर दाबली जाते.

पित्ताशयात खडे आहेत म्हणून प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. बहुसंख्य लोकांना ते जन्मभर त्रास देत नाहीत. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत त्यांचा पत्ता लागतो. एकदा कळ येऊ लागली की मात्र ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. मूतखड्याप्रमाणे भरपूर पाणी पिऊन हे खडे पडून जात नाहीत. विरघळवणारी औषधे लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर काही महिन्यांनी थोडीफार लागू पडतात, पण ती थांबवल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात.

म्हणूनच शस्त्रक्रियेत नुसते खडे नव्हे, तर पित्ताशयच काढले जाते. खडे तयार होण्याची जागाच ती, हा विचार करून बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढले. पुढे शतकभर पोटावर मोठा छेद घेऊनच हे काम होत असे. १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूहे यांनी ते दुर्बिणीद्वारे केले, तर १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया केली. आता बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. दाह फार असेल व पित्तनलिका स्पष्ट दिसत नसेल, तर शल्यविशारद दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतात. नातेवाईक याला अपयश मानतात. वास्तविक पित्तनलिकेला इजा होऊ नये म्हणून घेतलेला तो शहाणपणाचा निर्णय असतो.

खडा पिशवीतून निसटून पित्तनलिकेत गेला, की प्रकरण गंभीर होते. लघवी गडद, शौच फिकट, अंगाला खाज आणि त्यातच थंडी वाजून ताप आल्यास अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला असे समजावे व त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. याच खड्यामुळे स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. नलिकेतील खडे साध्या सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाहीत. आतड्यातील वायू आड येतो. तेव्हा एमआरसीपी तपासणी करावी लागते.

हे खडे काढण्यासाठी 'ईआरसीपी' केली जाते. तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेच्या मुखाला लहानसा छेद देतात व तारेच्या जाळीने वा फुग्याने खडा बाहेर ओढतात. हे तंत्र १९७४ पासून वापरात आहे. नंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका यात असतो. उपनगरांतील सर्वच नर्सिंग होममध्ये ही सोय नसते, त्यामुळे दाखल होण्यापूर्वीच विचारणा करावी. दुर्बिणीने न निघणाऱ्या खड्यांसाठी नलिका उघडण्याची शस्त्रक्रिया आजही करावी लागते.

ईआरसीपीनंतर कावीळ उतरते आणि अनेक रुग्ण पुढचे उपचार टाळतात. खडे बनवणारी पिशवी अद्याप आतच असते. प्रकृती ठीक असल्यास तीही शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच मुक्कामात वा दोन आठवड्यांत काढली जाते. पित्त वाहते राहावे म्हणून नलिकेत प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, बसवलेला असेल, तर तो साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. विसरलेला स्टेंट तुंबतो आणि ताप व कावीळ घेऊन तोच रुग्ण पुन्हा दारात येतो. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचा उल्लेख व तो काढण्याची तारीख आहे की नाही, हे घरी निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.