न आलेल्या जनावराची गोष्ट

मोटारीचा वेग कसकसा वाढत गेला हे पुष्कळांना ठाऊक असतं. ती थांबायला कशी शिकली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. खरं तर बैलगाडी असो की मोटार, हाकणाऱ्याचं कसब कळतं ते आवरताना.

ब्रेक करकचून दाबला की चाकं जखडतात, पण गाडी घसरतच राहते. फिरणारं चाक रस्ता धरून असतं, म्हणून ते वळवलं की गाडी वळते. जखडलेलं चाक नुसतं फरफटतं. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबत, सोडत, पुन्हा दाबत.

हे काम यंत्राकडं आलं ते आधी विमानात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या डनलॉप कंपनीनं विमानांसाठी 'मॅक्सारेट' नावाची यांत्रिक सोय तयार केली. १९६६ साली ती जेन्सन एफएफ या मोटारीत आली. पण तशा गाड्या बनल्या जेमतेम ३२०.

जर्मनीत मर्सिडीजनं १९७० साली इलेक्ट्रॉनिक पद्धत जाहीरपणे दाखवली. पण नियंत्रक पेटीतले सुमारे हजार सुटे भाग रस्त्यावरच्या धक्क्यांत भरवशाचे ठरेनात. पुढं डिजिटल तंत्र आलं, ते भाग १४०वर आले आणि १९७८ साली बॉश कंपनीची 'एबीएस' मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत बसली. प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातो. एखादं चाक जखडू लागलं की त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडला जातो, लगेच पुन्हा दिला जातो, सेकंदात अनेकदा. पायाखाली पेडल थरथरतं ते याचमुळं. अशा वेळी पाय उचलायचा नसतो.

पण ब्रेक न दाबताही गाडी वळणावर हातची जाते. त्यासाठी १९९५ साली एस-क्लासच्याच गाड्यांत 'ईएसपी' आली. अँटन व्हान झांटेन यांच्या नेतृत्वाखाली बॉशच्या अभियंत्यांनी ती घडवली होती. ड्रायव्हरनं स्टिअरिंग किती वळवलं आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, याचा ती सतत ताळा घेते. मागची बाजू बाहेर फेकली जात असेल, तर वळणाच्या बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक ती एकटंच रोखते. गाडी न वळता सरळच सरकत असेल, तर आतल्या अंगाचं मागचं चाक. कुठलाही ड्रायव्हर एका पायानं एकच चाक रोखू शकत नाही.

ही राखण श्रीमंतांच्या गाडीत होती. लहान गाडीला कशाला एवढा खर्च, असाच हिशेब होता. तो मोडला स्वीडनमध्ये, ऑक्टोबर १९९७ मध्ये.

तिथल्या जंगलातून मूस नावाचं उंच, धिप्पाड हरीण अचानक रस्त्यावर येतं. म्हणून 'टेक्निकेन्स वॅर्ल्ड' हे नियतकालिक गाड्यांची परीक्षा घेताना, पुढं जनावर आलंय असं समजून गाडी एकदम एका बाजूला घेऊन पुन्हा जागेवर आणायचं. मर्सिडीजची नवी, लहान पण उंच ए-क्लास या परीक्षेत चक्क उलटली. रस्त्यावर जनावर नव्हतंच! सुदैवानं आतली माणसं वाचली. जर्मनीत मग चेष्टा सुरू झाली: पूर्व जर्मनीची जुनाट ट्रबांट गाडी हीच परीक्षा न उलटता पार पडली होती.

कंपनीनं आधी कुरकुर केली. पण नोव्हेंबरमध्ये विक्री थांबवली, गाडीच्या सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवली. विकून झालेल्या गाड्यांतही, पैसे न घेता. फेब्रुवारी १९९८ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. ज्या सोयीसाठी आधी महागडी गाडी घ्यावी लागे, ती आता लहान गाडीतही मिळाली. मागणी वाढली तशी किंमत उतरली. पुढं कायदेही आले. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या गाड्यांना स्थिरता नियंत्रण सक्तीचं झालं. आपल्याकडं एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत एबीएस सक्तीची झाली.

या यंत्रांना चमत्कार मात्र येत नाहीत. गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. तेवढी पकड सुटली की संगणकही हतबल. गुळगुळीत झालेला टायर आणि बेफाम वेग यांवर त्याच्याकडं उतारा नाही.

पण या इतिहासातली एक गोष्ट मनात राहते. जिवाची राखण आधी मोठ्या गाडीला मिळाली, आणि तिची गरज उघडी पडली ती लहान गाडीत. घरातली चार माणसं कोंबून घाट चढणारी गाडी बहुधा लहानच असते. म्हणून नवी गाडी घेताना रंग आणि गाण्यांची सोय पाहण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा: स्थिरता नियंत्रण याच मॉडेलमध्ये आहे, की फक्त वरच्या, महागड्या मॉडेलमध्ये?