महासाथीतील स्तन कर्करोग तपासणी : काय पुढे ढकलता येते, काय नाही

मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत देशातील ४१ कर्करोग केंद्रांमध्ये ५१,७६० नव्या रुग्णांची नोंद झाली. आदल्या वर्षी याच तीन महिन्यांत हा आकडा १,१२,२७० होता. मोठ्या शस्त्रक्रियांची संख्या १७,१२० वरून ८,६७७ वर आली. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील केंद्रांच्या या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट ऑन्कोलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत कर्करोगाची पूर्वतपासणी, म्हणजेच स्क्रीनिंग, एकतर पूर्णपणे बंद होती किंवा नेहमीच्या एक चतुर्थांशापेक्षाही कमी क्षमतेने चालली होती, असेही त्यात नमूद आहे. कर्करोग अर्थातच निम्म्यावर आला नव्हता. निम्म्यावर आली होती ती त्याची नोंद.

महासाथीत स्तन कर्करोगाची तपासणी चालू ठेवावी की थांबवावी, या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंफल्या जातात. कोणतेही लक्षण नसलेल्या महिलेची ठरावीक काळाने होणारी तपासणी ही पूर्वतपासणी होय. हाताला गाठ लागलेल्या, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव होणाऱ्या किंवा स्तनाचा आकार बदललेला आढळलेल्या महिलेची तपासणी हे रोगनिदान असते. पहिली काही महिने पुढे गेली तरी बहुतेक महिलांच्या बाबतीत फारसे बिघडत नाही. दुसरीला मात्र हा अवकाश नसतो. कर्करोगावरील शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली तर मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असे नोव्हेंबर २०२० मध्ये ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधन-आढाव्यात दिसून आले. टाळेबंदीत दोन्ही तपासण्यांना एकच दार होते आणि ते एकदमच बंद झाले, ही त्या काळातील खरी अडचण होती.

ज्या देशांत मॅमोग्राफीचे राष्ट्रीय कार्यक्रम आहेत, तेथे खंडाचे मोजमाप सोपे होते. ब्रिटनमध्ये मार्च २०२० पासून नियमित तपासणी थांबली आणि सुमारे दहा लाख महिलांची मॅमोग्राफी हुकली, असा अंदाज तेथील एका स्वयंसेवी संस्थेने मांडला. नेदरलँड्सने तपासणी पुन्हा सुरू करताना दोन तपासण्यांमधील दोन वर्षांचे अंतर तीन वर्षांपर्यंत वाढवले. यंत्रे आणि मनुष्यबळ मर्यादित असताना कोणालाही पूर्णपणे न वगळण्याचा तो एक मार्ग होता. इंग्लंडने निश्चित तारीख-वेळ कळवण्याऐवजी महिलांनी स्वतः फोन करून वेळ घ्यावी, अशी पत्रे पाठवली. त्यामुळे रिकाम्या जाणाऱ्या वेळा वाचल्या. पण २०२०-२१ मध्ये बोलावलेल्या महिलांपैकी प्रत्यक्ष येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६९ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांच्या आसपास घसरले. भीती हे त्याचे एक कारण होतेच. तरीही फोन करण्याची जबाबदारी महिलेवर टाकली की आधीच मागे राहणाऱ्या महिला आणखी मागे पडतात, ही शंका तेथे वारंवार व्यक्त झाली.

भारताचे चित्र मुळातच वेगळे आहे. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२० मध्ये देशात स्तन कर्करोगाचे १,७८,३६१ नवे रुग्ण आढळले आणि ९०,४०८ महिलांचा मृत्यू झाला. याउलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम ०.९ टक्के महिलांनी स्तनाची तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले. या सर्वेक्षणाचे काम २०१९ ते २०२१ या काळात झाले आणि टाळेबंदीमुळे तेही मध्येच थांबले होते. शंभरात एका महिलेचीही तपासणी होत नसेल, तर महासाथीत ‘खंड पडला’ असे म्हणणेही काहीसे औपचारिकच ठरते.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये आखलेल्या कार्यपद्धतीनुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या महिलांची दर पाच वर्षांनी स्तन तपासणी अपेक्षित आहे. ती मॅमोग्राफीने नव्हे, तर प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने करावयाची आहे. या निवडीला भक्कम आधार मिळाला तो मुंबईतून. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ महिलांना सामावून घेणारी चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या महिलांमध्ये रोग तुलनेने आधीच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयोगट एकत्र धरता ही घट १५ टक्के होती. ती संख्याशास्त्रीय निकषावर मात्र निर्णायक ठरली नाही. पन्नाशीच्या आतील महिलांमध्ये मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही सांगणे आवश्यक आहे.

या पद्धतीला वीज, फिल्म किंवा क्ष-किरण तज्ज्ञ लागत नाही, माणूस लागतो. महासाथीत नेमका तोच माणूस दुसऱ्या कामाला लागला. आशा सेविका आणि उपकेंद्रातील आरोग्यसेविका रुग्णांचे संपर्क शोधणे, विलगीकरणातील घरांवर लक्ष ठेवणे आणि जानेवारी २०२१ नंतर लसीकरण यांत गुंतल्या. शिवाय हाताने करावयाच्या तपासणीत अंतर राखता येत नाही. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली, पुढच्याच महिन्यात ‘ई-संजीवनी’ची बाह्यरुग्ण सेवाही सुरू झाली. जुन्या रुग्णांची औषधे आणि सल्ला यांसाठी त्यांचा उपयोग झाला. परंतु पडद्यावरून गाठ चाचपता येत नाही.

तरीही घरोघरी जाणे पूर्णपणे थांबले नव्हते. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. पथके घरी येऊन ताप आणि प्राणवायूची पातळी मोजत आणि मधुमेह, रक्तदाब यांसारख्या सहव्याधींची विचारणा करत. आशा सेविकांकडे एरवी भरल्या जाणाऱ्या जोखीम-मूल्यांकन तक्त्यात स्तनातील गाठ, रक्तमिश्रित स्राव आणि आकारातील बदल यांविषयी तीन प्रश्न आधीपासूनच आहेत. ते विचारायला स्पर्श करावा लागत नाही आणि एक मिनिटही पुरते. आणीबाणीच्या सर्वेक्षणात असे प्रश्न जोडणे हा तपासणी जिवंत ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र ‘हो’ असे उत्तर देणाऱ्या महिलेला पाठवायचे कोठे, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

हे ‘कोठे’ बहुधा दूर असते. मुंबईची उपनगरी रेल्वे मार्च २०२० मध्ये बंद झाली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. सर्व महिलांना ठरावीक वेळेत प्रवासाची मुभा मिळायला २१ ऑक्टोबर उजाडला. कर्जत किंवा विरारच्या महिलेला परळला पोहोचणे त्या सात महिन्यांत किती कठीण होते, हे वेगळे सांगायला नको. जिल्हा रुग्णालयातच सोनोग्राफी आणि सुईने घेतलेल्या नमुन्याची तपासणी झाली, तर गाठ साधी असलेल्या बहुसंख्य महिलांचा महानगराचा प्रवास वाचतो. महासाथ नसतानाही हे तितकेच खरे आहे.

तपासणी पुन्हा सुरू करताना क्रम लावावा लागतो. लक्षणे असलेल्या महिला प्रथम, त्यानंतर आई किंवा बहिणीला हा आजार झालेल्या आणि आधीच्या तपासणीत संशयास्पद निष्कर्ष निघालेल्या, मग पन्नाशीपुढील, शेवटी उरलेल्या. ठरवून दिलेल्या वेळा, प्रत्येक तपासणीनंतर यंत्राच्या पट्ट्यांचे निर्जंतुकीकरण आणि तापाच्या रुग्णांपासून वेगळे प्रवेशद्वार एवढ्या व्यवस्थेत मॅमोग्राफी केंद्रे चालवता येतात, हे २०२० च्या उत्तरार्धात अनेक ठिकाणी दिसले. लसीकरणाने एक अनपेक्षित गुंताही निर्माण केला. कोविड लसीनंतर काही महिलांच्या काखेतील लसिका ग्रंथी काही आठवडे सुजत आणि मॅमोग्राफीत त्या संशयास्पद वाटत. अमेरिकेतील स्तन-प्रतिमा तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या आरंभी पहिल्या मात्रेपूर्वी किंवा दुसरीनंतर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी करण्याचा सल्ला दिला. पुढे तो बदलून लसीसाठी तपासणी लांबवू नये, फक्त लस कोणत्या दंडावर आणि केव्हा घेतली याची नोंद ठेवावी, अशी भूमिका रूढ झाली.

गोव्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ हा उपक्रम सुरू केला. हातात धरता येणाऱ्या, किरणोत्सर्गविरहित उपकरणाने आरोग्य केंद्रांतच एक लाख महिलांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट त्यात होते. असे उपकरण केवळ संशय नोंदवते. पुढची मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बायोप्सी रुग्णालयातच करावी लागते. त्यामुळे किती महिला तपासल्या याबरोबरच, संशयितांच्या यादीत नाव आल्यापासून बायोप्सीचा अहवाल मिळेपर्यंत किती दिवस गेले, ही नोंदही अशा प्रत्येक कार्यक्रमात तितकीच महत्त्वाची ठरते.